बठ्ठा बाहेर

देवपुरात त्या रात्री वीज गेली होती. गल्लीतली पोरं ओट्यावर येऊन बसली, तसे पुनाआबा म्हणाले, ऐकीव सांगत नाही. नवल माझ्या साडूचा भाऊ. पटलं तर घ्या, नाही तर झोपा.

मागच्या वर्षी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रात्री, मंगळवारी, नवल भुसावळला गेला होता. काम साधं. बशीएवढा एक रबरी पडदा आणायचा.

त्याचा कारखाना यावलच्या पुढं, चोपड्याच्या रस्त्याला. बॉयलरचा धूर गाळायला तिथं खोलीएवढी लोखंडी पेटी आहे. आत लांब कापडी पिशव्यांच्या ओळी टांगलेल्या. धूर त्यांतून पार होतो, राख पिशवीला बाहेरून चिकटून राहते. पूर्वी ती झाडायला माणूस काठी घेऊन आत उतरायचा. रिवाज असा होता, की दार लावण्याआधी बाहेरच्यानं लाकडी हातोड्यानं पत्र्यावर तीन ठोके द्यायचे. आत कोणी असेल तर तोही तीन ठोके देई. उत्तर आलं नाही, तर दार लावणारा मोठ्यानं म्हणे, "बठ्ठा बाहेर शेतस." सगळे बाहेर आहेत. मगच पंखा सुरू व्हायचा आणि धूर आत यायचा.

एकदा घाईत कोणी ठोके दिलेच नाहीत. आत नवलचा पोरगा भूषण होता. त्यानं आतून ठोकलं असणारच. पंख्याच्या आवाजात कुणाला ऐकू येतं?

त्यानंतर मालकानं पेटीवर हवेच्या नळ्या बसवल्या. पिशव्या काढायच्या नाहीत, आत कोणी जायचं नाही. वरून दाबाच्या हवेचा दणका बसतो, फट्, की एका ओळीची राख खाली झडते. मग पुढची ओळ. त्या नळ्यांची देखभाल नवलनं स्वतःहून मागून घेतली. लोक म्हणत, याला दुसरीकडं पोट भरता येत नाही का. रोज संध्याकाळी तो पेटीखाली उभा राहून हवेचा आवाज ऐके, आणि मगच घरी जाई.

त्या मंगळवारी नळीच्या झडपेतला रबरी पडदा फाटला. हवा बाहेर जायला लागली आणि राख पिशव्यांवर चढत गेली. नवल निघाला तेव्हा लताबाई, त्याची बायको, म्हणाली होती, येताना घागर आणा, उद्या भूषणच्या नावानं भरू. गेलेल्याच्या नावानं भरायची ती घागर त्यानं आदल्या आखाजीलाही आणली नव्हती. या वेळीही कुंभाराच्या दुकानावरून गाडी तशीच पुढं काढली.

तापीचा पूल ओलांडला आणि फोन वाजला. नीलेशचा. हा भूषणचा कामावरचा जोडीदार. नुकतंच लग्न झालेलं, अंगावरची हळदही उतरली नव्हती.

"नाना, धूर मागं मारून राहिला. चुडामणभाऊ म्हणतात, पंखा बंद करतो, तू आत जाऊन झाड."

"जाऊ नको. मी येऊनच राहिलो."

"ते ऐकत नाहीत, नाना."

"तू तर ऐक..."

फोन बंद पडला.

दोन्हीकडं केळीच्या बागा. एक पान हलत नव्हतं. नवलनं गाडी पिळली. तेच दार. पुन्हा कुणाचं तरी पोर. यावल मागं पडलं. फोन लावला, लागला नाही. देवाचं नाव घ्यायला गेला, तर तोंडातून दुसरंच निघालं. थांब रे... थांब.

मग दुरून कानावर आलं. फट्... फट्... फट्...

ओळीमागून ओळ. नवलच्या जिवात जीव आला. मिळाला वाटतं पडदा कुणाकडं. त्यानं गाडी हळू केली, डोळे पुसले.

जवळ आला तसं कळलं. हवेचा आवाज असा नसतो.

हे ठोके होते. पत्र्यावरचे.

फाटकातून आत गेला. कॉम्प्रेसर बंद. पंखा बंद. पेटीचं दार उघडं. समोर नीलेश मातीत बसलेला. रात्रपाळीचा मुकादम चुडामणभाऊ बाजूला उभा, बॅटरीचा उजेड स्वतःच्याच पायांवर.

नीलेशनं सांगितलं. एक पाय आत टाकला होता, तोच आतून ठोकलं. तीनदा. वाटलं, आधीच कोणी उतरलंय. मागं सरलो. माणसं मोजली, बठ्ठा बाहेर. बॅटरी मारली, आत नुसत्या पिशव्या. पण ठोके थांबेनात. एकेका ओळीवरून पुढं सरकत गेले. आणि राख... राख झडत राहिली.

"आणि आता?" नवलनं विचारलं.

"तुमची गाडी आली, नाना. तसं थांबलं."

नवलनं कोपऱ्यातला हातोडा उचलला. चुडामणभाऊनं त्याचा दंड धरला. मग सोडून दिला.

तीन ठोके. नवलनं डावा तळहात पत्र्यावर टेकवला. पत्रा तापलेला होता.

काही नाही.

मग आतून... एक.

दोन.

हात पोळत होता. त्यानं काढला नाही. दार शेजारीच उघडं. वाकलं की आत. त्याचा एक गुडघा चौकटीवर टेकलासुद्धा.

"नाना," नीलेश म्हणाला. एवढंच.

नवल त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं तोंड दाराशी नेलं.

"भूषण... बठ्ठा बाहेर शेतस, बेटा. आत कोनी नही."

तिसरा ठोका आला नाही.

दार नवलनं स्वतः लावलं. पेच आवळले. नवा पडदा बसवला. पहाटे हवा सुटली, फट्, फट्, रोजच्यासारखी. उजाडताना त्यानं कुंभाराला झोपेतून उठवलं आणि घागर घेतली. लताबाईनं आणि त्यानं मिळून ती भरली.

ओट्यावरची पोरं जवळ सरकली. मग पुनाआबा म्हणाले, मी गेलो होतो बघायला. पेटीच्या पत्र्यावर हातोड्याचे जुने खळगे आहेत, पुष्कळ. बाहेरून मारलं की पत्रा आत दबतो. पण दाराशेजारी, छातीएवढ्या उंचीवर, एका जागी पत्रा बाहेर आलाय. आतून. नवलनं हात टेकला होता, तिथंच.

मीही तिथं हात ठेवून पाहिला. तो उंचवटा तळहाताच्या खळग्यात बरोबर बसतो.