थरथरत्या स्टिअरिंगचा छडा

"धरा! घट्ट धरा!" मोठे काका ओरडले आणि त्यांनी ब्रेक दाबला.

स्टिअरिंग त्यांच्या हातात थडथड उडायला लागलं. उतारावरच्या वळणाला गाडी कशीबशी थांबली. मागच्या सीटवर ठिणगीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"पुन्हा तेच!" काका शेजारी बसलेल्या धाकट्या भावावर, म्हणजे ठिणगीच्या बाबांवर कडाडले. "ब्रेकच्या नव्या डिस्क टाकल्या, आणि तू त्याही वाकवल्यास! करकचून ब्रेक मारायची खोड कधी जाणार तुझी?"

"मी वाकवल्या? दादा, गाडी जास्त कोण पळवतं?"

"उतर खाली! आजपासून गाडीला हात लावायचा नाही!"

झालं! सुट्टीतली डोंगरावरची सहल बोंबलली. दोन्ही भावांनी अबोला धरला. स्वयंपाकघरात आई आणि काकू एकमेकींकडे न बघता भांडी आदळत होत्या.

मुलांमध्येही धुसफूस सुरू होतीच. तेरा वर्षांची ठिणगी नावाप्रमाणे लगेच पेटायची. काकांचा मुलगा पंडित स्वतःला सर्वज्ञ समजायचा. ठिणगीचा धाकटा भाऊ भोंगा तर नुसता ओरडायचा.

"तुझ्या बाबांनीच बिघडवली गाडी," कॅरमच्या सोंगट्या लावता लावता पंडित म्हणाला.

"जीभ आवर, नाहीतर स्ट्रायकर नाकावर बसेल!"

"आणि हा बोर्डही तुम्हीच वाकवलाय. बघ कसा डुगडुगतोय!"

ठिणगीनं रागारागानं बोर्ड उचलला. खाली एक खडा होता. तो काढून तिनं बोर्ड परत टेकवला. बोर्ड गप्प बसला.

"वाकलाय म्हणे!" ती फणकारली आणि एकदम थांबली. "पंडित... डिस्कसुद्धा वाकलेली नसेल तर?"

डिस्क म्हणजे चाकाच्या आत फिरणारी लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात. एवढं पंडितला ठाऊक होतं.

"थरथर स्टिअरिंगमध्ये होती, आपल्या सीटखाली नव्हती," तो नाखुशीनंच म्हणाला. "म्हणजे दुखणं पुढच्या चाकांत आहे. पण थाळीखाली खडा कुठून येणार?"

"ते बघायलाच जायचंय! आणि दोघा भावांना घेऊनच!"

दुसऱ्या दिवशी काका गाडी घेऊन गॅरेजमध्ये निघाले. पंडित आणि भोंगा हट्टानं गाडीत चढले. ठिणगी मात्र घरी थांबली आणि बाबांपाशी जाऊन साळसूदपणे म्हणाली, "काका उस्तादकडून तुमचीच चूक सिद्ध करून घेणारेत."

"असं? चल, बघतोच!" बाबांनी चपलांत पाय सरकवले.

उस्ताद म्हणजे गॅरेजचा मालक. त्यानं डाव्या बाजूचं पुढचं चाक काढलं, डिस्कवरून अंगठा फिरवला आणि लगेच निकाल दिला. "वाकली! गाडी चालवायची अक्कल नसली की असंच होतं. नवीन टाकतो."

"ऐकलंस?" काका भावाकडे बघत गरजले.

"उस्तादकाका," ठिणगी पुढे झाली, "डिस्क वाकली असेल तर तिची वर आलेली जागा डिस्कबरोबरच फिरेल ना?"

"मग काय, तुझ्याबरोबर फिरेल? चल, बाजूला हो!"

"सगळ्यांनी ऐकलं!" भोंगा अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल असा किंचाळला.

"मग एकदाच तपासू या," ठिणगीनं खिशातून खडू काढला. "का भीती वाटते?"

"भीती? मला?" उस्तादचे कान लाल झाले. "दाखवतोच तुला!" त्यानं पॅड धरणारा ब्रेकचा जबडा सोडवून बाजूला बांधला आणि नट लावून डिस्क आवळली. ठिणगीनं खडू लोखंडी स्टुलावर दाबून धरला, डिस्कला लागेल न लागेल असा. पंडितनं डिस्क हातानं फिरवली.

खर्र... शांतता... खर्र... शांतता.

पांढरी रेघ डिस्कच्या एकाच भागावर उमटली. पंडितनं त्या भागाजवळच्या, डिस्क काढली तरी जागीच राहणाऱ्या बोल्टला रंगाचा ठिपका लावला आणि डिस्कच्या कडेलाही खूण केली.

"दिसलं? वाकडीच आहे!" उस्ताद हसला.

"आता ती काढा, अर्धा फेरा फिरवून परत बसवा."

"पोरी, माझ्या डोक्यात जाऊ नकोस!"

"बसव," बाबा थंडपणे म्हणाले.

रेघ पुसून डिस्क फिरवून बसवली. कडेची खूण आता ठिपक्याच्या बरोबर समोरच्या बाजूला गेली होती. ठिणगीनं खडू परत स्टुलावर दाबून धरला. अंदाज चुकला तर बाबांची इथेच अब्रू जाणार होती.

खर्र... शांतता...

नवी रेघ पुन्हा ठिपक्याच्या बोल्टजवळच आली होती!

"डिस्क फिरली, पण उंचवटा जागचा हलला नाही!" पंडित ओरडला. "म्हणजे दोष डिस्कचा नाही, ती ज्यावर बसते त्या बैठकीचा आहे!"

काकांनी स्वतः डिस्क ओढून काढली. मागच्या गोल बैठकीवर, ठिपक्याच्या बोल्टपाशी, गंजाचा जाड पापुद्रा चिकटला होता.

"ही बैठक कधी घासली होतीस?" काकांचा आवाज खाली आला, आणि तो जास्तच भयंकर वाटला. "दर वेळी गंजावरच नवी डिस्क ठोकत होतास?"

"एवढ्याशा गंजानं काय होतं?" उस्ताद पुटपुटला.

"डिस्क तिरकी फिरते, कुठे जाड, कुठे पातळ झिजते आणि ब्रेक दाबला की थरथरते!" ठिणगी तडकली. "आणि बोलणी माझ्या बाबांना बसतात!"

उस्तादनं तारेचा ब्रश उचलला आणि दात-ओठ खात बैठक लोखंड चमकेपर्यंत घासली. काकांनी उजव्या बाजूचीही घासून घेतली. मग दोन्हीकडच्या कमीजास्त झिजलेल्या डिस्क काढून नव्या, सपाट डिस्क बसवल्या. या वेळी खडू लावल्यावर सगळीकडे सारखी, बारीक रेघ उठली.

गाडी जॅकवरून उतरली. काका भावासमोर उभे राहिले.

"पोरांना डोकं आहे," ते म्हणाले. "पंडित, भोंगा, शाबास! आणि ठिणगे, तोंड फार चालतं तुझं. पण आज ते चाललं म्हणून बरं झालं. माझं मात्र उगाच चाललं."

बाबांनी मान वळवली. राग एवढ्यात उतरणार नव्हता.

काका गाडीला वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले. "चल, चालव."

बाबा क्षणभर घुटमळले, मग स्टिअरिंगमागे बसले. उतारावर गाडीनं वेग घेतला. वळण आलं. बाबांनी ब्रेक दाबला आणि गाडी लोण्यासारखी थांबली.

"अजून एकदा दाब रे," काका हळूच म्हणाले.