कोरडे गुडघे

बस. दिवा जरा जवळ ओढ, वीज इतक्यात येत नाही. उद्या तुला तळ्याकाठच्या कॅमेऱ्याचं कार्ड आणायला पाठवणार आहेत, असं कळलं. म्हणून सांगते. हसायचं की घाबरायचं, ते तुझं तू ठरव.

इंटर्नशिपला आले तेव्हा मीही तुझ्यासारखीच हवेत होते. जीप, दुर्बीण, गळ्यात ओळखपत्र. प्रत्यक्षात काय, तर चिखल, डास आणि प्राण्यांची विष्ठा पिशवीत भरून वर चिठ्ठी चिकटवणं. एकटीला कंटाळा येईल म्हणून मी मावसबहिणीलाही गळ घातली. घरात सगळे तिला ठकी म्हणतात. मावशीचा सगळा जीव तिच्यात. निघताना मावशी दारातच मला म्हणाली, "तुझ्या भरवशावर पाठवतेय. जशी नेतेयस तशी आणून सोड." मी म्हटलं, मावशी, ती काय काचेची बरणी आहे का?

आमच्या मॅडमनी आम्हाला पाणमांजरांचं काम दिलं. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला डोक्याइतके उंच लव्हाळे आहेत आणि त्यांतून प्राण्यांनीच पाडलेली एक चिखलाची वाट जाते. तिथे खुंटाला गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा बांधायचा. समोरून काही गेलं की तो आपोआप फोटो काढतो. पण बांधल्यावर तपासावं लागतं, आणि माणूस ताठ चालत गेला तर त्याचा उपयोग नाही. म्हणून एकीने जनावरासारखं रांगत जायचं आणि दुसरीने लाल दिवा लुकलुकतो का ते पाहायचं. सगळीकडे असंच करतात. मॅडमसुद्धा कधीकाळी रांगल्या असतील, या विचाराने आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

भर दुपार होती. वारा अगदी पडलेला, कुजलेल्या पाल्याचा वास नाकात बसलेला. ठकीने कॅमेऱ्याकडे पाहून जीभ काढली आणि रांगायला लागली. मी म्हटलं, मावशीला कळवते, लेक पुन्हा रांगायला लागली म्हणून. वाट जिथे वळते तिथे ती लव्हाळ्यांत दिसेनाशी झाली. चिखलात तिच्या तळव्यांचा पचक पचक आवाज येत राहिला. मग तो थांबला.

जरा वेळाने ती दुसऱ्या बाजूने बाहेर आली. चालत. मी विचारलं, झालं? ती म्हणाली, झालं. तिचे गुडघे कोरडे होते. मी चेष्टाही केली, चिखलालासुद्धा तू नकोशी झालीस वाटतं. ती स्वतःच्या गुडघ्यांकडे बराच वेळ बघत राहिली.

पुढे सगळं नेहमीसारखं. तिला सगळं आठवायचं, लहानपणी आम्ही मावशीचा चष्मा पिठाच्या डब्यात लपवला होता तेसुद्धा. फक्त ती घोरायची थांबली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग कार्ड आणायची वेळ आली. डोकं दुखतंय म्हणून ती खोलीतच थांबली, मी एकटीच गेले, कॅमेऱ्यात दुसरं कार्ड घातलं आणि भरलेलं घेऊन आले. याच टेबलावर ते उघडलं. पहिला फोटो, जीभ काढलेली ठकी. त्यानंतर एक पाणमांजर. त्यानंतर पुन्हा ठकी.

रांगत होती. अंगात तोच शर्ट, गुडघे चिखलाने काळे. खालची तारीख दुसऱ्याच दिवसाची होती, आणि त्या दुपारी ती माझ्याशेजारी बसून केस विंचरत होती. पुढचा फोटो तीच. त्याच्या पुढचाही. शर्ट फाटत गेलेला, गाल बसत गेलेले. शेवटच्या फोटोत तिने तोंड भिंगाला टेकवलं होतं. ओठांवरून कळत होतं, ती मला हाक मारत होती. ताई.

"काय बघतेस गं?" मागून आवाज आला. "माझे फोटो चांगले आलेत?"

मी लॅपटॉप मिटला.

मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडलं असेल. म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्यांदा त्या फोटोकडे त्यांनी पाहिलं नाही. मी तडक तळ्याकडे गेले. ऊन चांगलं होतं. चिखलात तळव्यांचे आणि गुडघ्यांचे ठसे होते, गोल गोल, एकावर एक. बाहेर जाणारा एकही नव्हता. मी हाक मारली, ठके. लव्हाळ्यांतून पचक पचक आलं, आणि मग तिचा घोगरा आवाज.

"ताई... खाली वाक. उभी असलीस की दिसत नाहीस गं..."

मी रडत होते. काय करणार होते दुसरं? गुडघे टेकले आणि रांगत आत शिरले. कोपरापर्यंत चिखल. हाताला हात लागला, बर्फासारखा थंड, सालटं निघालेला. मी तो घट्ट धरला आणि मागे ओढायला लागले. ती एकच म्हणत होती, सोडू नकोस... सोडू नकोस...

मग एकदम डोळ्यांवर ऊन आलं. मी लव्हाळ्यांबाहेर उभी होते. हात रिकामा होता.

घरी गेली ती दुसरीच. मावशी येऊन घेऊन गेली. परवाच तिचा फोन आला होता, पोरगी तुझ्याकडून आल्यापासून किती शहाणी झालीय म्हणे. जशी नेलीस तशी आणून सोडलीस, म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

पण मला खरी धास्ती त्याची नाही. त्या दिवशी धावत परत आले आणि नळाखाली पाय धुवायला बसले. धुण्यासारखं काही नव्हतं. गुडघे कोरडे. नखांतसुद्धा चिखल नाही.

मी मीच आहे गं. मला सगळं आठवतं. चष्मा, पिठाचा डबा, मावशीचा मार. पण आठवत तर तिलाही होतं.

तेव्हापासून ते दुसरं कार्ड कोणी काढलेलं नाही. उद्या तू जा. काही झालं तरी रांगू नकोस, कोणी हाक मारली तरी. कार्ड आणलंस की मला फोटो दाखवू नकोस. फक्त एवढंच सांग...

आत एकच आहे, की दोघी?