मांडीवरचं नाव

शिळेचा ठसा सकाळीच घ्यावा. ऊन चढलं की पातळ कागद आखडतो. परदेशी अभ्यासकांच्या हाताखाली मी चाळीस वर्षं हेच केलं. कागद ताणून बांधायचा, मेण-काजळीची वडी हलकेच फिरवायची, कोरलेलं आपोआप वर येतं. तेव्हा गुडघे शाबूत होते. त्यांच्याबरोबर मी आमच्या पूर्वजांनी शिळांवर कोरलेली चिन्हं वाचायलाही शिकले, मग गावातल्या बायकांना शिकवली.

आमच्या सान होसे गावात तळ्याकाठी राणीची शिळा उभी आहे. तिचा जन्म, तिचं गादीवर बसणं, तिची लढाई, सगळं तिच्यावर कोरलेलं आहे. राणीच्या पायाखाली वाकलेला कैदी. त्या काळी कैद्याचं नाव त्याच्या मांडीवर कोरत. याची मांडी मात्र कोरी होती.

एका वर्षी राजधानीतून पालोमो साहेब ट्रक आणि दोर घेऊन आले. शिळा संग्रहालयात न्यायची म्हणाले. आम्ही अकरा बायका तिच्यासमोर बसलो.

"एउलालियाबाई, उठा," साहेब मला म्हणाले. " तुमचा हिच्याशी काय संबंध? यातलं एक अक्षर तरी कळतं का?"

"तुम्हीच वाचा की."

ते एकाच रांगेत वरून खाली वाचू लागले. बायका हसल्या.

"दोन-दोन चिन्हं जोडीनं वाचायची, साहेब," मी म्हटलं, आणि सगळं वाचून दाखवलं.

ते चिडले. "बरं. नोंदीसाठी शेवटचा ठसा घ्या आणि बाजूला व्हा."

मी घेतला. मांडी सगळ्यात शेवटी आली. तिथे तीन चिन्हं उमटली.

कागद उचलून मी दगड चाचपला. गुळगुळीत.

"काय आहे ते?"

"पा. लो. मो."

"आधीच कागदावर काढून आणलंत," ते म्हणाले.

"हा घ्या कोरा कागद. तुमच्या हातानं घासा."

त्यांनी घासलं. तीच तीन चिन्हं.

त्यांचा हात स्वतःच्या उजव्या मांडीवर गेला.

"दुखतंय?" मी विचारलं.

त्यांनी माणसांना दोर गुंडाळायला सांगितले.

ट्रक रिकामा गेला. शिळा जागेवर आहे. अजून कुणाला न्यायची असेल तर खुशाल या. आम्ही बसलेल्याच आहोत.

गेल्या महिन्यात तो ट्रकवाला मासळी घ्यायला आला होता. मी साहेबांची खुशाली विचारली.

"बरे आहेत, आजी. पूर्वी दर रविवारी पोहायचे, आता पाण्यात उतरत नाहीत. बाईसाहेब सांगत होत्या, झोपतानाही पँट काढत नाहीत."