गाळलेला समुद्र

हे सगळं मला नीट आठवतं आहे का, याची खात्री देता येत नाही. मनात इतक्या वेळा उगाळलं आहे, की मूळ किती आणि माझी भर किती, हे आता कळेनासं झालं आहे. तरी सांगतो. कुठे चुकलं तर माझ्या वयाकडे बघून सोडून द्या.

मी आयुष्यभर ध्वनिशास्त्र शिकवलं. माणसाचा आवाज घशात कसा तयार होतो, तेवढंच. निवृत्त झाल्यावर एका विद्यापीठाने त्यावर व्याख्यानं ध्वनिमुद्रित करून मागितली, आणि त्याच सुमारास लेकीचा फोन आला. "बाबा, इथे येऊन करा की. लॅपटॉप काय, कुठेही चालतो."

ती तेव्हा समुद्रकाठच्या एका गावात राहून दूरच्या कुठल्याशा कंपनीचं काम करायची. लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांचं गाव. अशी पोरं तिथे शेकड्याने राहत. दुपारी पाण्यात, आणि साहेबांच्या देशात उजाडलं की संध्याकाळी मीटिंगला. केस ओले, वर इस्त्रीचा शर्ट, कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या भागात चड्डी.

मी गेलो खरा, पण काम एका वाक्याच्या पुढे सरकेना. आमची खोली कॉफीच्या दुकानावर होती. खाली यंत्र घरघरायचं. शेजारचा कोंबडा पहाटेचं काम भर दुपारी उरकायचा. वीज जायची, आणि आली की पंखा अंगात आल्यासारखा खडखडायचा. गादीला, उशीला, माझ्या कागदांनाही दमट मिठाचा वास. आणि या सगळ्याच्या तळाशी समुद्र. तो तर श्वास घ्यायलाही थांबत नसे. कपाटात तोंड घालून बोलून पाहिलं. शेवटी डोक्यावरून चादर घेतली.

लेक दारात येऊन उभी राहिली. "बाबा, वाफारा घेताय का?"

"आधी तुझा तो समुद्र बंद कर. चार वेळा तेच वाक्य म्हटलंय मी."

"मग सांगायचं ना. किती कुढता हो तुम्ही." तिने माझ्या लॅपटॉपवर काहीतरी चढवलं. "हे माणसाचा आवाज तेवढा ठेवतं. बाकी सगळं गाळून टाकतं. कोंबडासुद्धा." मग फळी काखेत मारून ती जिना उतरून गेली.

त्या दुपारी माझं व्याख्यान पहिल्यांदा पुरं झालं. इयरफोन घालून ऐकायला बसलो. समुद्र गेला होता. यंत्र, कोंबडा, पंखा, सगळं गेलं होतं. माझ्या शब्दांभोवती कापूस भरल्यासारखी शांतता. बरं वाटलं. मग त्या शांततेत कुणीतरी श्वास घेतला.

माझाच असेल, असं धरून चाललो. दम्याचा त्रास आहे मला. पण तो श्वास मी बोलत असतानाही चालू होता. एकाच घशातून एकाच वेळी बोलणं आणि धाप लागणं होत नाही. नेमकं हेच मी त्या व्याख्यानात सांगत होतो. मूळ, न गाळलेलं ध्वनिमुद्रण लावून पाहिलं. त्यात फक्त समुद्राचा घोंघाट होता.

लेक केस पिळत वर आली. मी लॅपटॉप मिटला. इतक्या शिकलेल्या माणसाने काय बोलायचं?

दुसऱ्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणात ती धाप जवळ आली होती. मध्येच ठसका, तोंडात पाणी गेल्यासारखा. त्यानंतरच्या दुपारी मी बोललोच नाही. माइक चालू ठेवून नुसता बसून राहिलो. खालचं यंत्र बंद होतं, वीज गेली होती, खिडकीतून ऊन थेट मांडीवर पडलं होतं. अशा लख्ख उजेडात माणूस घाबरतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. थोड्या वेळाने ऐकलं. आधी काही नाही. मग धाप. मग अगदी माइकपाशी, बसलेल्या आवाजात...

"बाबा... पाय टेकत नाहीयेत..."

मी पायांत चपला न घालता किनाऱ्यावर धावलो. ती पाण्यात होती, फळीवर पालथी पडून लाटेची वाट बघत होती. मला पाहून तिने हात हलवला. मी ओरडत राहिलो. सगळे वळून बघायला लागले, तेव्हा ती बाहेर आली.

खोलीत मी तिला ते ऐकवलं. तिने एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं, मग इयरफोन काढून माझ्या हातात दिले.

"हे तुम्ही केलंय?"

"मी? मला साधा फोटो पाठवता येत नाही, ठके."

"मग यंत्राने केलंय. घोंघाटात माणूस शोधायला सांगितलाय त्याला. नाही सापडला की बनवतं. तुम्हीच शिकवायचा ना, कान स्वतःला हवं ते ऐकतो म्हणून?"

"आवाज तुझा आहे."

"तुम्हाला माझाच ऐकू येणार. आल्यापासून एकच चाललंय. घरी चल, हे काय जगणं, असं किती दिवस. सरळ भांडा ना माझ्याशी. हे कसलं नाटक?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तिला परत न्यावं असं मला वाटतच होतं. म्हणून तर माझा माझ्यावर विश्वास बसेना. पण मी हात जोडले. बापाने लेकीपुढे हात जोडले, की पुढे वाद उरत नाही. ती बराच वेळ टॉवेलने पाय पुसत बसली. मग म्हणाली, "ठीक आहे. नाही जात पाण्यात. पण तुम्ही जिंकलात असं समजू नका."

आठवड्याभरात आम्ही परतलो. तिने शहरात नोकरी धरली, काचेच्या इमारतीत, एसीत. फळी विकून टाकली. माझ्याशी बोलायची, पण पाहुण्याशी बोलावं तसं. कुठलं भाजी-बिजीचं विचारलं की नीट उत्तर द्यायची, एवढंच. मी तिचा जीव वाचवला की तिचं जगणं नासवलं, हे मला कुणाला विचारताही येईना. व्याख्यानं पुरी झालीच नाहीत.

अशी बरीच वर्षं गेली. मागच्या महिन्यात ती घरी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मी तिकडे जातेय. महिनाभर. या वेळी मला काही ऐकवू नका, बाबा."

मी म्हटलं, "नाही ऐकवत."

मनातून मात्र एकदाचा निकाल हवा होता. माझा एक जुना विद्यार्थी आवाजतपासणीची प्रयोगशाळा चालवतो. त्याला ते ध्वनिमुद्रण पाठवलं, सोबत लेकीचे आवाजी मेसेजही, तेव्हाचे आणि आत्ताचे. तो म्हणेल, सर, हा यंत्राचा खेळ आहे. मग मी निवांत झोपेन, आणि ती परतली की तिची माफी मागेन.

ती परवा पोचली. तिचा मेसेज आला: खोली तीच मिळाली, कॉफीचं दुकान अजून आहे.

काल विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, यंत्राने बनवलेलं नाहीये. आवाज ताईंचाच आहे."

मी खुर्ची ओढून बसलो.

"फक्त एक विचारायचं होतं. जुन्या मेसेजशी तो जुळत नाही. आत्ताच्यांशी तंतोतंत जुळतो. एक स्वरतंतू पूर्ण मिटत नाहीये, हवा सुटतेय. ताईंच्या गळ्याचं काही ऑपरेशन झालंय का?"

झालं होतं. गाठ काढली होती, तेव्हापासून तिचा आवाज थोडा बसकाच येतो. मी डॉक्टरांचे कागद काढले आणि तारीख ध्वनिमुद्रणाच्या तारखेशी ताडून पाहिली. ऑपरेशन नऊ वर्षांनंतरचं आहे.