सामाईक भिंतीखालून

मधल्या खोलीला काकवीचं पाणी पाजून झालं की मगच रूपाली मगदूम सकाळचा चहा टाकायची. फरशीच्या कडेला बसवलेल्या नळीतून गोड पाणी खाली उतरलं, की थोड्या वेळानं तळपायांना किंचित ऊब लागायची. म्हणजे बुरशी जेवली.

वारणाकाठच्या त्या गावाला पूर नवा नव्हता. नवी होती ती तरवीट. उसाच्या चिपाडांवर वाढवलेल्या बुरशीची ही वीट बुचासारखी हलकी होती आणि पाणी पीत नव्हती. फरशीखाली तिचा जाड थर वाढवायचा, मातीविटांच्या भिंती काढून चिपाडाच्या हलक्या भिंती बसवायच्या, कोपऱ्यांत लोखंडी खांब पुरायचे. पाणी चढलं की खोली खांबांना धरून वर उचलली जायची, उतरलं की पुन्हा जागेवर बसायची. सगळं घर एकदम काढलं तर राहायचं कुठं, म्हणून मगदुमांनी एकेक खोली हाती घेतली होती. स्वयंपाकघर झालं, सोपा झाला. मधल्या खोलीत फरशीखालचा थर वाढला, पण पुढचं काम अडलं.

अडलं ते भिंतीवरून. वाटणी झाली तेव्हापासून ती भिंत रूपालीचा नवरा अभिनंदन आणि त्याचा धाकटा चुलतभाऊ जिनदत्त यांच्यात सामाईक होती. जिनदत्तनं एकदाच सांगितलं होतं, "भिंतीला हात लावायचा नाही, वैनी. भिंत गेली की हद्द गेली." त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं उरलं होतं ते फक्त भिंतीआडून. पलीकडच्या खोलीत जिनदत्तची आई, कुसुमकाकू, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळली होती. रूपाली चहा करायला लागली की ती विचारायची, "आज भाजी काय गं?"

त्या दिवशी धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा वाजला. संध्याकाळपर्यंत पाणी गावात येत नाही, या हिशेबानं जिनदत्त बायकोला घेऊन गुऱ्हाळावरचा गूळ हलवायला गेला. पाणी दुपारीच आलं.

स्वयंपाकघर हलक्या हिसक्यानं सुटलं आणि शेगडीवरच्या दुधासकट वर चढायला लागलं. रूपालीनं सुटकेचा श्वास टाकला, एवढ्यात काकूची हाक आली, "अगं रूपाली, कुणी हाय का?"

ती आणि अभिनंदन मधल्या खोलीत उतरले. ती खोली जागची हलली नव्हती. पाणी गुडघ्याला लागलं होतं. बाहेरून जावं तर बोळात ओढ जबरदस्त होती. अभिनंदननं पहार उचलली आणि क्षणभर थांबला.

"जिनदत्त काय म्हणेल?"

"म्हणू दे," रूपाली म्हणाली. "घाल घाव."

भगदाड पडलं. रूपालीनं आत डोकावलं. काकूच्या खोलीतली शहाबादी फरशी मधोमध फुगून वर आली होती. कडेकडेनं पाणी फिरत होतं, आणि काकूची खाट वर, कोरडी.

"बघ की, माझी जमीनच उठलीया!" काकू म्हणाली.

फरशीच्या सांध्यांतून पांढरा, स्पंजासारखा थर दिसत होता. त्या खोलीत जिनदत्त वर्षानुवर्षं गुळाच्या ढेपा रचत आला होता. त्यांचा पाझर जमिनीत मुरला होता आणि त्या गोडीच्या मागावर रूपालीची बुरशी भिंतीखालून पलीकडे गेली होती. कुणाला न विचारता.

"दोन्हीकडची एक झालीया," अभिनंदन म्हणाला. "मधे भिंतीचं ओझं हाय. म्हणून कुणालाच उठता येईना."

"मग बघत काय बसलायस? पाड की!" काकू ओरडली.

तो पाडत गेला, रूपाली विटा उचलून दारातून पाण्यात फेकत गेली. हाताची सालटी निघाली. पाणी कमरेला आलं. आणि मग पायाखालून एक दीर्घ कुरकुर ऐकू आली. दोन्ही खोल्यांच्या फरश्या एकदमच वर निघाल्या. त्यांच्यावरचं पाणी कडांनी ओघळून गेलं. रूपाली मटकन खाटेवर बसली. काकूनं तिचे हात आपल्या हातांत घेतले. "किती गार पडलेत गं," ती म्हणाली, आणि दोघी एकदमच रडायला लागल्या.

जिनदत्त नावेतून आला तो खिडकीशी. आईला पाहून त्याचा चेहरा सैल पडला. मग त्याची नजर भिंतीच्या जागी गेली.

"पाडली, भावजी," रूपाली म्हणाली.

तो आत चढला, आईच्या पायांवर त्यानं डोकं टेकलं. "बरं केलंसा, वैनी."

पाणी ओसरल्यावर तरवीट बनवणाऱ्या संस्थेची रेश्मा मुजावर तपासणीला आली. जमिनीवर ठोके देऊन खालचा थर ओळखणारं तिचं यंत्र घेऊन ती जिनदत्तच्या अंगणातून बोळात गेली आणि समोरच्या दारापाशी थांबली.

"ही बुरशी तुमच्यापाशी थांबलेली नाही," ती म्हणाली. "बोळ ओलांडून पुढच्या घरांकडे निघालीय. इथं चर खणून चुन्याची निवळी ओतली तर थांबेल. पण आत्ताच. पुढं गेली की आवरायची नाही."

"आणि गेली तर काय बिघडंल?" अभिनंदननं विचारलं.

"पुरात लोक वाचतील. कुणाच्या भिंतीला तडे जातील, कुणाचा चौथरा उचलेल. सगळंच आधी सांगता येत नाही."

"त्यांना विचारून ठरवू या की."

"अर्धे नको म्हणतील," रेश्मा म्हणाली. "इथंही नकोच होतं ना?"

जिनदत्तनं मान खाली घातली. समोरच्या घरातली म्हातारी आपल्या ओट्यावर भिजलेली वाकळ पिळत होती. तिनं वर पाहिलं, त्याला ओळखून हसली. तोही हसला, पण लगेच रूपालीकडे वळला.

"वैनी," त्यानं हळूच विचारलं, "ह्या म्हातारीला विचारायचं का?"