डांबरगोळ्यांचा हिरा

घडियाळी पोळातल्या दुकानात मी स्वेटरांसाठी डांबरगोळ्या मागितल्या. दुकानदाराने शेजारी सगळ्या गोळ्या पिशवीत भरणाऱ्या तरुणाकडे बोट केलं. "बेन, बधी आ भाई लई गया."

"एवढे लोकरीचे कपडे... बडोद्यात?" मी विचारलं.

"कपडे कुठले? हिरा करतोय," तो गंभीरपणे म्हणाला. "कॉलेजच्या प्रदर्शनाला. गोळी म्हणजे कार्बनचा अणू, मधे बांबूच्या काड्या. तुम्ही... काड्या धरायला याल?"

हा हेरंब, रसायनशास्त्राचा नवा व्याख्याता. मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. काड्या धरायला गेले.

आपोआप उडून जाणाऱ्या पदार्थाचं उदाहरण म्हणून आम्ही दोघंही वर्गात डांबरगोळीच सांगायचो. पण एकेका गोळीत चार काड्या बसवताना बोटांना बोटं लागत होती. शास्त्र आठवणार कुणाला?

"जूनमध्ये पुण्याचं स्थळ मला बघायला येतंय," मी एकदा मुद्दाम सांगितलं.

"हं," तो म्हणाला. "ती काडी जरा डावीकडे..."

सुट्टीत हिरा प्रयोगशाळेच्या खिडकीत राहिला. मे महिन्याचं ऊनही तिथेच राहिलं.

प्रदर्शनाच्या सकाळी गेले तर टेबलावर काड्यांचा ढीग, त्यात हरभऱ्याएवढ्या गोळ्या आणि बाजूला हेरंब.

"हिऱ्यात प्रत्येक अणू चौघांना घट्ट धरून असतो," तो पुटपुटला. "गोळीत नुसते सुटे रेणू. आतून पक्के, पण शेजाऱ्याशी संबंध जेमतेम. ऊन लागलं की चालले."

"हे मी नववीला शिकवते."

"मी बी.एस्सी.ला." तो काडीशी चाळा करत राहिला. "याच्यासमोर उभं राहून तुम्हाला काही विचारायचं होतं..."

"काय?"

"ते मी हिऱ्यावर सोपवलं होतं."

"हिरा उडाला. आता तुम्हीच बोला."

त्याने काडी ढिगात ठेवली. मग — "पुण्याच्या स्थळाला नाही म्हणा, मंदाकिनी."

"आणि?"

"आणि सहसंयुज बंध. एक इलेक्ट्रॉन तुमचा, एक माझा. दोन्ही दोघांचे. कुणी आपला परत मागायचा नाही."

"चालेल," मी म्हटलं. "बाबांना मात्र साध्या मराठीत सांगा."

त्या वर्षी कसरीने आईचे स्वेटर खाल्ले. आई त्या दुकानदाराला अजून बोल लावते. मी तिथून जाताना मनातल्या मनात हात जोडते. हिरा टिकला असता, तर हेरंब संध्याकाळभर पाहुण्यांशी हिऱ्याबद्दलच बोलत राहिला असता.