चौथी फ्लॉपी

ज्याला ही थाप वाटेल त्याने इथेच थांबावं. हे आमच्या आत्मारामच्या बाबतीत खरोखर घडलंय, आणि माझा हा मावसभाऊ काही देवभोळा नव्हे. उलट दीडशहाणा!

१९८८ ची खंडेनवमी. रत्नागिरीत, भाट्याच्या रस्त्यावरचं मासळी निर्यातीचं ऑफिस. भर दुपार.

मुंबईच्या कंपनीने त्याला तिथला नवा कॉम्प्युटर चालू करायला धाडलं होतं. दसऱ्याला सकाळी उद्घाटन. मशीन चाललं तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसा.

आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या सातही फ्लॉप्या टाइपरायटरशेजारी पूजेत मांडलेल्या! वर हळदकुंकू, झेंडू.

"आज उचलू नका हो," तिथल्या हेडक्लार्क सगुणाबाई म्हणाल्या. "आमच्या टायपिस्ट काशीताईंनी वीस वर्षं आजच्या दिवशी कुणाला मशीनला हात लावू दिला नाही. आषाढात गेल्या बिचाऱ्या."

"अडाणी कुठले! फ्लॉपी म्हणजे काय कोयता आहे?"

सगुणाबाई घरी गेल्या. अर्धी सुट्टी होती. ऑफिसात हा एकटा.

पहिली फ्लॉपी चालली. दुसरी चालली. तिसरीही.

चौथी... वाचता येत नाही, असं पडद्यावर आलं.

कुंकू आत गेलं असणार. गावंढळ लेकाचे! त्याने ड्राइव्हचं हेड साफ केलं. फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. तेच.

बॅगेत दुसरा संच होता. मुंबईहून सीलबंद आणलेला. त्याने सील फोडलं, त्यातली चौथी घातली.

तेच. त्याच जागी अडलं.

त्याने ती काढून उजेडात धरली...

आतल्या काळ्या चकतीवर कुंकवाचं बोट उमटलं होतं.

ओलं.

एवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. पडदा काळा झाला.

ड्राइव्ह मात्र... वाचतच होता. कर्र. कर्र.

आत फ्लॉपी नव्हती.

शहाण्याची बोबडी वळली! त्याने सगळ्या फ्लॉप्या पूजेत ठेवल्या आणि हात जोडले.

आवाज थांबला.

दसऱ्याला सकाळी सगुणाबाईंनी पूजा उचलली. चौथी फ्लॉपी पहिल्या झटक्यात चालली. उद्घाटन झालं. तिथले साहेब इतके खूश, की त्यांनी लगेच मुंबईला फोन लावला. "हा माणूस आम्हाला इथेच द्या."

झाली नोकरी कायम. त्याच ऑफिसात, त्याच खोलीत.

बदलीचा अर्ज टाकायला तो अजून धजत नाही. मी एकदा खिजवलं, तर खाली मान घालून म्हणाला, "त्यांनी सोडलं पाहिजे ना."

कोणी, ते मी विचारलं नाही.